नडीचा डबा

आम्ही बचत गटाच्या पंधरा जणी. माईकपुढं तिघीच बसलोय, बाकीच्या बाहेर पडवीत बसून कान लावून ऐकतायत. काही चुकलं तर आतच येऊन सांगतील, त्यांचा नेम नाही.

आमचं गाव लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या शिवेवर. बाजारहाट अहमदपूरला, मोठा दवाखाना म्हटलं की नांदेड. आज आपल्याला बोलायचंय ते नडीबद्दल. नड म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. लेकरू तापानं फणफणलं, म्हातारं माणूस पडलं, बैल बसला, विहिरीतली मोटार जळाली. दर घरात वर्षातून एकदा तरी हे होतंच. पण होतं कधी, तिकडं आपण नीट बघितलेलं नसतं.

आम्ही एका बैठकीत भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवलं आणि पैसा घरात कधी येतो, कधी जातो यावर खुणा केल्या. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या आसपास. तुरीचा पौष-माघात. हरभऱ्याचा शिमग्याच्या अलीकडं-पलीकडं. मग लग्नसराईत गेला, आणि मृगात बी-खतात उरलासुरला गेला. त्याच महिन्यात शाळा सुरू होते, वह्या-दप्तर-गणवेश. म्हणजे आषाढ-श्रावणात घरात रुपया नाही. आणि दुखणं कधी? तेव्हाच. हगवण तेव्हा, हिवताप तेव्हा, डेंग्यू तेव्हा, साप-विंचू तेव्हा, वीज पडते तीही पावसाच्या तोंडाला. तांबड्या पेन्सिलीच्या खुणा आणि हिरव्या पेन्सिलीच्या खुणा एकमेकींच्या शेजारीसुद्धा येत नाहीत. वर्षानुवर्षं आपण नशिबाला बोल लावला, अन् हे तर कॅलेंडरातच लिहिलेलं होतं.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. जिच्या घरातली आहे तिनंच सांगायला सांगितलंय, नाव तेवढं घेऊ नका म्हणाली.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट, आषाढच. पेरणी होऊन कोळपणी चाललेली. तिचा नवरा रात्री खाली घोंगडी टाकून झोपला. दोनच्या सुमाराला उठला, पोटात कळ येतेय म्हणाला. तिनं ओवा दिला. उलटी झाली. तिला वाटलं शिळं खाल्लं असेल. थोड्या वेळानं तो म्हणाला, डोळे उघडेनात. पापण्या खाली यायला लागल्या, बोलणं जड झालं. शेजारच्या आजीनं कंदील धरून बघितलं आणि म्हणाली, "मण्यार असंल गं माय. मण्यार डसलेली कळत न्हाई."

ही गोष्ट नीट ऐका. नाग, घोणस चावली तर जागा सुजते, आग होते, माणूस ओरडत उठतो. मण्यार बहुतेक रात्री झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक, सूज नाही, रक्त नाही, डाग शोधून सापडत नाही. पोटात दुखतं, उलटी होते, आणि मग पापण्या पडतात. पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाचं रात्री असं झालं तर पोटदुखी म्हणून सकाळची वाट बघू नका. चिरायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, दोरीनं करकचून आवळायचं नाही, माणसाला चालवायचं नाही. निजवून, धीर देऊन थेट जिथं सापाची लस आहे तिथं न्यायचं. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट असते. देवळाच्या पारावर न्यायचं की दवाखान्यात, यावर त्या रात्रीही अंगणात दहा मिनिटं वाद झाला. आजीच मग कडाडली, देवाला इथनं हात जोडते, तुम्ही गाडी बोलवा. १०८ ला फोन लागला. गाडी आली. तालुक्याच्या दवाखान्यात लस दिली आणि पुढं नांदेडला पाठवलं. श्वासाचं यंत्र लावावं लागलं. अकरा दिवसांनी तो माणूस चालत घरी आला. आता कोळपणीवरच आहे, इकडं बोलणं चाललंय ते त्याला ठाऊक आहे.

इथवर गोष्ट चांगली झाली. पुढची आमची आहे, आणि ती सांगायला अजून जड जातं.

गाडी दारात उभी असताना ती आमच्याकडं आली. अध्यक्षबाईच्या दारात, रात्री तीन वाजता. म्हणाली, दोन-तीन हजार द्या, तिकडं काय लागंल काय नाही. गटाच्या खात्यात तेव्हा एक्केचाळीस हजार रुपये होते. तिचे स्वतःचेही त्यात होते. पण खातं तालुक्याच्या बँकेत, सही दोघींची, दुसऱ्या दिवशी रविवार. आणि आमच्यातल्या एकीनं, ती इथंच बसलीय, तेव्हा असंही म्हटलं की कर्ज द्यायचं तर बैठकीत ठराव व्हायला पाहिजे, बैठक दहा तारखेला आहे. नियम म्हणजे नियम. आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंच होतं तसं.

ती वळली आणि गावातल्या एकाच्या दाराशी गेली. त्यानं उठून दहा हजार मोजून दिले. शेकडा पाच. म्हणजे शंभराला महिन्याला पाच रुपये, दहा हजाराला पाचशे. नवरा अकरा दिवसांत घरी आला, व्याज सात महिने राहिलं. तूर निघेपर्यंत साडेतीन हजार नुसतं व्याज गेलं, मुद्दल तसंच. शेवटी दोन शेळ्या विकून मोकळी झाली. आणि त्या सात महिन्यांत आमचे एक्केचाळीस हजार बँकेत वर्षाला शंभराला तीन रुपये कमावत निवांत बसलेले. तिला सावकार वर्षाला शंभराला साठ लावत होता. हा हिशेब तिनंच आम्हाला बैठकीत मांडून दाखवला, भांडली नाही, नुसता मांडला. आम्ही कुणी वर बघितलं नाही.

त्यातून हा नडीचा डबा निघाला.

बचत आहे तशीच चालू ठेवली. तिच्याशिवाय दर आठवड्याला प्रत्येकीनं दहा रुपये वेगळे. पंधरा जणींचे आठवड्याला दीडशे, महिन्याला सहाशेच्या वर. दहा महिन्यांत सहा हजार झाले, तिथं आम्ही थांबलो. हे पैसे बँकेत ठेवत नाही. दोन डबे, प्रत्येकात तीन हजार, गावाच्या दोन टोकांच्या दोन घरांत. दुखणं, बाळंतपण, अपघात, मयत एवढ्यालाच. रात्री-बेरात्री दार वाजवायचं, डबेवालीनं पैसे द्यायचे, अजून एक बाई साक्षीला. ठराव नंतर. दोन महिने व्याज नाही, पुढं गटाचं नेहमीचं व्याज.

हे सांगताना सोपं वाटतं. पहिल्या वर्षीच एका डब्यातले नऊशे रुपये कमी भरले. डबेवालीच्या घरातल्या माणसानं घेतले होते, कशाला ते तुम्हाला समजलंच असेल. ती रडली, आम्ही तिला गटातून काढलं नाही, डबा मात्र हलवला. तेव्हापासून डबा अशाच घरात ठेवतो जिथं बाईच्या हातातला पैसा बाईच्याच हातात राहतो. हे बोलायला वाईट लागतं, पण पैसे ठेवायचे तर घर बघावंच लागतं. दर सहा महिन्यांनी घर बदलतं. आणि बैठकीत डबा सगळ्यांसमोर उघडून मोजतो. विश्वास आहे, म्हणूनच मोजतो.

ज्या गावात ग्रामसंघ आहे तिथं जोखीम निधी असतो, तोही विचारा. पण तो मिळायला वेळ लागतो. पहिल्या रात्रीसाठी आपलाच डबा.

कुणी म्हणेल, दवाखाना तर फुकट आहे, महात्मा फुले योजना आहे. आहे ना, आणि ती घ्यायलाच पाहिजे. आपल्या नांदेड जिल्ह्यात तर ती २०१२ साली पहिल्याच टप्प्यात आली, तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी होतं. आता पाच लाखांपर्यंतचा उपचार तिच्यात बसतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ती भरती झालेल्या माणसासाठी आहे, ठरलेल्या आजारांसाठी, आणि ठरलेल्याच दवाखान्यांत. दारात गेल्याबरोबर आरोग्यमित्र कुठं बसतो ते विचारायचं, पैसे भरायच्या आधी विचारायचं. नंतर गेलं तर भरलेले पैसे परत मिळवता मिळवता दम निघतो. दुसरी गोष्ट, योजना रोग्याचं बघते. रोग्याच्या उशाशी बसलेल्या बाईचं जेवण, गाडीभाडं, तिची बुडालेली मजुरी, घरी ठेवलेल्या लेकरांची सोय हे कुठल्याच कागदात बसत नाही. आमच्या मैत्रिणीचे दहा हजार औषधात गेले नाहीत. ते नांदेडच्या बसस्टँडपासून दवाखान्यापर्यंत, आणि वडापाव-चहात, आणि मागं राहिलेल्या खुरपणीच्या मजुरीत गेले.

आता कागदांचं. हा विषय आमच्यातल्या एकीवर सोडला होता, पण माईकपुढं तिला बोलवेना, म्हणून आम्हीच सांगतो. ती औसा तालुक्यातली, किल्लारीकडची. १९९३ च्या २९ सप्टेंबरला गणपती बोळवून गाव दमून झोपलं होतं. ३० तारखेच्या पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना जमीन हलली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाची हातभर माती. उन्हाळ्यात गार राहणारं तेच घर माणसांच्या अंगावर बसलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. बावन्न गावं दुसऱ्या जागी नव्यानं वसवावी लागली.

ती तेव्हा परकरातली पोर होती. तिला आठवतं ते असं की आठ-दहा दिवसांनी साहेब लोक वही घेऊन आले आणि विचारायला लागले, घर कुणाच्या नावावर, रेशनकार्ड कुठं, खातं कुठं. तिची आई म्हणाली, सगळं ट्रंकेत, ट्रंक बळदाशेजारी. आणि बळद ढिगाऱ्याखाली. आईच्या नावावर एक कागद नव्हता. नवरा गेलेल्या बाईला आपण त्याची बायको हे पाच माणसं उभी करून सांगावं लागलं.

पुढं घरं दुरुस्त करायचा मोठा कार्यक्रम निघाला, तेव्हा गावोगाव बायांनाच संवाद सहायक म्हणून नेमलं. प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यात होती. भिंतीला आडव्या पट्ट्या का घालायच्या, लांब दगड का बसवायचा, हप्ता कधी मिळतो हे बायांनी शिकून घेतलं आणि घरोघर सांगितलं. आज आपल्या भागात गटांचं जे जाळं दिसतं त्यातल्या कितीतरी बायांनी पहिल्यांदा ऑफिसची पायरी तेव्हा चढली. त्या आधी ज्या बाईला तालुका कुठल्या दिशेला ते ठाऊक नव्हतं, ती इंजिनिअरला प्रश्न विचारायला लागली.

भूकंप रोज होत नाही. पण पूर येतो. २०२५ च्या ऑगस्टात मुखेड तालुक्यात लेंडीचं पाणी एका रात्रीत हसनाळ, रावणगावच्या घरांत शिरलं. पत्र्याच्या पेटीतले कागद असेच भिजतात. म्हणून प्रत्येकीनं एक पिशवी करा. खताची प्लास्टिकची पिशवी असते ना, तिच्या आतली पातळ, ती धुऊन वाळवून चालते, दुकानातलीच पाहिजे असं नाही. त्यात घरातल्या सगळ्यांची आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा, लेकरांचे जन्मदाखले, जुन्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या, आणि एका कागदावर कोण कुठली गोळी घेतं ते. पिशवी खुंटीला, उंचावर, दाराजवळ. झेरॉक्सचा एक संच माहेरी. फोनमध्ये फोटो काढा, पण नुसत्या फोनवर विसंबू नका, फोन बहुतेक वेळा नवऱ्याबरोबर शेतात असतो.

पिशवी भरताना आम्हाला कळलं की बऱ्याच जणींची नावं जुळत नाहीत. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, पासबुकात तिसरंच. एकीच्या आधारवर वय मुलाहून चार वर्षांनी जास्त, बस्स. हसलो खूप. पण दवाखान्याच्या खिडकीवर हसू येत नाही. रिकाम्या वेळात, म्हणजे उन्हाळ्यात, हे दुरुस्त करून घ्या. आमच्यातल्या नऊ जणींचं झालं, बाकीच्यांच्या फेऱ्या चालू आहेत.

त्याच पासबुकाला धरून विचारा, विमा कापला का. वीस रुपयांचा अपघाताचा विमा आणि चारशे छत्तीस रुपयांचा, कुठल्याही कारणानं मृत्यू आला तरीचा, पन्नाशीच्या आत घ्यावा लागतो तो. दोन्हींत दोन-दोन लाख. मेच्या शेवटी खात्यातून आपोआप कापतात. खात्यात तेवढे पैसे नसले तर कापत नाहीत आणि विमा बंद पडतो, आणि तुम्हाला सांगायला कुणी येत नाही. लाडक्या बहिणीचे दीड हजार आले की त्याच दिवशी सगळे काढायची आपली सवय. मे महिन्यात पाचशे राहू द्या. वारसदार म्हणून कुणाचं नाव लावलंय तेही बघा. एकीचं खातं लग्नाआधीचं, वारसदार तिचा भाऊ निघाला.

आणि शेतकऱ्याच्या घरात अपघात झाला, वीज पडली, साप चावला आणि माणूस गेलं, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना आहे, दोन लाखांची. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, महिन्याच्या आत. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत, आणि वारस नोंद तलाठ्याकडं. त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण बसतो तो तिथंच. दुःखात बाईला हे सुचत नाही, आणि सुचू नये. म्हणून ते गटानं करायचं. आमच्यात ठरलंय, मयत झाली की भाकरी नेणाऱ्या वेगळ्या आणि कागद बघणाऱ्या दोघी वेगळ्या.

आता एक अवघड बोलतो. नवऱ्याचं कर्ज. आमच्या गावात दोन घरं अशी आहेत जिथल्या कर्त्या माणसानं स्वतःला संपवलं. दोन्ही घरांतल्या बायांना कर्ज किती हे तेराव्यानंतर कळलं, दारात माणसं यायला लागली तेव्हा. एकानं तर तोंडीच सांगितलं, ऐंशी हजार आहेत. कागद नाही, काही नाही. ती मोजायला लागली. आम्ही तिला थांबवलं. परवाना नसलेल्या सावकाराला व्याजानं पैसे लावायचा अधिकारच नाही, त्यासाठी २०१४ चा कायदा आहे. सावकारानं हडपलेली जमीन परत मिळवायची तरतूदही त्यात आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं करायची. तिच्याबरोबर सहा जणी गेलो. नुसतं गेलो एवढ्यानंच तो माणूस ऐंशीवरून खाली आला. बाकीचं अजून चाललंय, म्हणून जास्त बोलत नाही.

पण ते पुढचं झालं. मुळात विचारायचं असतं आधी, माणूस जिवंत असताना. कुणाकडून किती, कशावर सही केली. विचारलं की चिडतात, खरंय. आमच्यातल्या एकीनं युक्ती केली, स्वतःचं आधी सांगितलं. फायनान्सवाल्याचा हप्ता, भिशीचं, दुकानाची उधारी, सगळं लिहून त्याच्यापुढं ठेवलं. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना त्यानं आपलं सांगितलं. आणि घरात कुणी गप्पगप्प राहायला लागलं, झोपेना, जेवेना, तर १४४१६ हा नंबर आहे. फुकट लागतो, मराठीत बोलतात. भिंतीवर लिहून ठेवा, १०८ च्या खाली.

दागिना मोडायची वेळ आलीच तर गहाण बँकेत ठेवा, पावती घ्या, वजन लिहून घ्या. गावात ठेवलेला मणी परत येतो तो हलका होऊन येतो, हे आमच्या सासवांनाही माहीत होतं.

स्वयंपाकघराचं थोडक्यात. ७२ च्या दुष्काळात खडी फोडून मिलो खाल्लेल्या बाया आमच्यात दोन आहेत. त्या म्हणतात, आमच्या टायमाला पैसा नव्हता पण कणगीत ज्वारी होती. आता सगळं रान सोयाबीननं पिवळं होतं. सोयाबीन विकता येतं, भाकरी होत नाही त्याची. भाव पडला की दाणाही नाही आणि पैसाही नाही. आम्ही कुणाला शेती शिकवायला आलो नाही, पण रब्बीत एक पट्टा ज्वारीचा, बांधाला तूर-मूग, एवढं आम्ही पंधरापैकी अकरा जणींनी घरात भांडून मिळवलंय. आषाढात महिनाभराचे दाणे घरात असले की दवाखान्यातला पैसा दवाखान्यालाच लागतो. हगवणीच्या पुड्या आशाताईकडून आणून ठेवा. एक पुडी एक लिटर पाण्यात, अर्धी करून चालत नाही. पुडी नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका.

बीपी-शुगरच्या गोळ्या उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. पेरणीच्या धांदलीत आपल्या आधी बंद होतात, नवऱ्याच्या चालू राहतात. हे का होतं ते आम्ही सांगायला नको. आमच्यातल्या एकीला मागच्या वर्षी खुरपतानाच अर्धं अंग गेलं. ती तीन महिने गोळीविना होती, खुरपण झालं की जाऊ म्हणत. आता हात थोडा हलतो. बैठकीत बचतीच्या वहीत आम्ही तिच्यामुळं एक रकाना वाढवला, गोळी चालू की बंद. लाजून खोटं सांगतात काही जणी, पण विचारलं जातं.

मुकादमाची उचल घेऊन उसाला जाणाऱ्या मुखेड, कंधार, जळकोटकडच्या मैत्रिणी ऐकत असतील. पिशवी बरोबर न्या. रेशन आता दुसऱ्या गावातही मिळतं, आधार जोडलेलं असलं की. डबा नेता येत नाही, म्हणून कोपीवरच्या सात-आठ जणींनी तिथंच छोटा काढा, वीस-वीस रुपयांचा.

गेल्या पंधरवड्यात आमचा डबा दोनदा उघडला. एकदा बाळंतपणाला, पंधराशे. एकदा लेकराच्या तापाला, आठशे. तापाचे परत आले. तो डबा सध्या तिच्याकडं आहे, जी त्या रात्री आमच्या दारातून परत गेली होती. गाव झोपल्यावरही तिच्या ओसरीवरचा दिवा चालू असतो. नवरा म्हणतो बिल येतंय. ती म्हणते, येऊ दे.